डोकं जड झालं, पण दाखवायचं कुणाला?

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या शेजारच्या काकांची पऱ्हाटी फुटून पांढरीशुभ्र झाली होती. वेचणीला मात्र कुणी नव्हतं. मजूर मिळत होते, काकांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. पहाटे तीनला ते ओसरीत एकटेच बसलेले दिसायचे. विचारलं की म्हणायचे, "काही नाही, डोकं जड झालं." समुपदेशकाकडे जाऊ म्हटलं तर, "मी काय येडा झालो काय?"

या प्रश्नात माणसं वर्ष वर्ष अडकून पडतात. डॉक्टरांचे प्रश्न साधे असतात. 'पीएचक्यू-९' ही नैराश्य (डिप्रेशन) ओळखायला २००१ पासून वापरात असलेली ९ प्रश्नांची यादी. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, कशात मन लागलं नाही, झोप-भूक बिघडली का, असं त्यात विचारतात. एकूण गुण २७. दहा किंवा जास्त आले, तर तज्ज्ञाकडून तपासून घ्यायलाच हवं.

दोन आठवडेच का? पावसानं दडी मारली, सोयाबीनचा भाव पडला, तर चार दिवस जीव उडणारच. त्याला आजार म्हणत नाहीत. पण तेच रोज, दिवसातला बराच वेळ राहिलं आणि कामं अडू लागली, की थांबू नये. थायरॉइड किंवा रक्तक्षयानंही असं होतं, म्हणून शरीराचीही तपासणी करून घ्यावी.

उदास माणूस कामं टाळतो, बैठकीत जात नाही. त्यामुळे बरं वाटण्याच्या जागाच आटतात आणि उदासी आणखी वाढते. उपचाराची एक पद्धत हे चक्र कामाच्या बाजूनं तोडते. मन लागण्याची वाट पाहायची नाही. लहानसं काम ठरवायचं, करायचं आणि नंतर कसं वाटलं ते टिपायचं. गोव्यात तीव्र नैराश्य असलेल्यांवर हे करून पाहिलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसं होती. भेटी ६ ते ८. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते; ज्यांना या भेटी मिळाल्या नाहीत, त्यांच्यात ३९ टक्के. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतही 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच मदत घेत होते. गावातच सेवा आल्यावर १८ महिन्यांनी ते प्रमाण २७.२ टक्के झालं. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. आपली माणसं हट्टी नाहीत, त्यांच्या दारापर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

समुपदेशनानं कर्ज फिटत नाही, हे खरंच. पण पीकविम्याचा अर्ज भरायला, बँकेत जाऊन बोलायला जे बळ लागतं, ते परत येऊ शकतं. आणि सगळा उपचार आजच ठरवायचा नसतो, फक्त पहिली भेट ठरवायची. जिल्हा रुग्णालयात विचारा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ लावा. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं.

मरणाचे विचार येत असतील तर मात्र दोन आठवडे मोजू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, माणसाला एकटं सोडू नका आणि फवारणीची औषधं आधी घरातून हलवा.

शेवटी काकूंनीच नंबर लावून फोन काकांच्या हातात दिला. आठवड्यानं ते समुपदेशकासमोर बसले. समुपदेशकानं एवढंच विचारलं, "उद्या सकाळी किती ओळी वेचाल?"

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन."