नोहाचा शाप हामला नव्हता

बायबलमधल्या महापुरातून वाचलेल्या नोहाने आपला मुलगा हाम याला शाप दिला, हामचे वंशज म्हणजे आफ्रिकेतले काळे लोक, म्हणून त्यांच्या नशिबी गुलामी, ही समजूत अनेक शतके चालत आली आहे. बायबलमध्ये तसे लिहिलेले नाही.

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, नववा अध्याय, ओवी 20 ते 27 वाचा. नोहा द्राक्षारस पिऊन उघडा पडतो, हाम ते पाहतो. पण शाप मिळतो हामचा मुलगा कनान याला. बापाच्या चुकीसाठी मुलगा का? जुन्या ज्यू भाष्यकारांनाही हे खटकले होते. त्यांचे एक उत्तर असे: 9:1 मध्ये (अध्याय 9, ओवी 1) देवाने नोहाच्या मुलांना आशीर्वाद दिलाच होता, मग त्यांना शाप कसा देणार?

आता 10:6 पाहा. हामचे मुलगे चार: कूश, मिस्राईम, पूट, कनान. कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा नाईलकाठ, मिस्राईम म्हणजे इजिप्त. शापात या दोघांचे नावही नाही. कनानची वस्ती 10:19 मध्ये आहे: सीदोनपासून गाझापर्यंत, म्हणजे आजचा लेबनॉन, इस्राएल, पॅलेस्टाईनचा पट्टा. कातडीच्या रंगाबद्दल दोन्ही अध्यायांत अवाक्षर नाही.

गंमत म्हणजे 1861 मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेकडील बंडखोर राज्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी सव्हाना शहरातल्या भाषणात शाप कनानचाच म्हटला, आणि तरीही तो आफ्रिकी गुलामांना लावला. कनान कुठे राहत होता, हे पुढच्याच अध्यायात छापलेले होते.