चिंतनशील पर्यवेक्षण

प्राथमिक आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्याने स्वतः हाताळलेला प्रसंग अनुभवी सहकाऱ्यासोबत पुन्हा तपासणे, त्या वेळी आपण काय केले, कशाच्या आधारे केले आणि मनात काय होते हे मोकळेपणाने मांडणे व त्यानुसार पुढील कामात बदल करणे, या पद्धतीस चिंतनशील पर्यवेक्षण म्हणतात. अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम चालू असतानाचे चिंतन आणि काम झाल्यानंतरचे चिंतन असा भेद केला. पर्यवेक्षणाचा संबंध मुख्यतः यांपैकी दुसऱ्या प्रकाराशी, म्हणजे काम झाल्यानंतरच्या चिंतनाशी येतो. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांचे १९८८ मधील चिंतनाचे चक्र परिचारिकांच्या प्रशिक्षणात विशेष रूढ आहे. त्यात प्रसंगाचे वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृती असे टप्पे येतात. समुपदेशन क्षेत्रातील प्रशिक्षक ब्रिजिड प्रॉक्टर यांच्या मते पर्यवेक्षणाची कामे तीन : दर्जा राखणे, शिकवणे आणि आधार देणे.

ग्रामीण विदर्भात पर्यवेक्षणाची साखळी आशा स्वयंसेविका, गटप्रवर्तक, आरोग्यसेविका, आरोग्य सहायिका, वैद्यकीय अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी अशी चढत जाते. आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ३,००० मागे एक उपकेंद्र हा निकष असला, तरी अंतरे आणि पावसाळ्यातील रस्ते यांमुळे वरिष्ठांची भेट क्वचित होते, आणि झाली तरी नोंदवह्या व उद्दिष्टे यांतच संपते. प्रॉक्टर यांच्या तीन कामांपैकी पहिलेच मग उरते.

उदाहरणार्थ, मेळघाटातील तीव्र रक्तक्षय असलेल्या एका गरोदर कोरकू स्त्रीला आरोग्यसेविकेने धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाण्यास सांगितले, पण ती गेली नाही, असे समजू. ‘पाठपुरावा का केला नाही?’ या प्रश्नाला बचावाचे उत्तर मिळते. ‘ती नाही म्हणाली तेव्हा तुम्हाला काय वाटले?’ या प्रश्नातून मात्र कळू शकते की बोलणे मराठीत झाले, होकार-नकार सासूने दिला, घरातली कर्ती माणसे सोयाबीनच्या सोंगणीला गेली होती, आणि ‘या बाया ऐकतच नाहीत’ असा ग्रह सेविकेने आधीच करून घेतला होता. पुढच्या भेटीत कोरकू बोलणारी आशा सोबत नेणे आणि सासूशी आधी बोलणे, असा ठोस बदल यातून ठरतो. पर्यवेक्षकालाही स्वतःचा प्रश्न टाळता येत नाही : रुग्णवाहिका उपलब्ध आहे की नाही, हे त्याने कधी विचारले होते का?

प्रत्यक्षात या पद्धतीची खरी अडचण वेळेपेक्षा अधिकाराची आहे. गोपनीय अहवाल लिहिणारा अधिकारीच चिंतनाचा श्रोता असेल, तर कर्मचारी सोयीचेच सांगणार. म्हणून मूल्यमापनाची बैठक आणि चिंतनाची बैठक वेगळी ठेवणे, दुसऱ्या केंद्रातील समकक्ष सहकाऱ्यांचे छोटे गट करणे आणि रुग्णाचे नाव-गाव न लिहिणे हे उपाय सुचवले जातात. मनोविश्लेषक मायकेल बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये सामान्य डॉक्टरांसाठी चालवलेले गट याच जातीचे होते. माता मृत्यू अन्वेषणाला, म्हणजे गरोदर वा बाळंत स्त्रीच्या मृत्यूच्या अधिकृत चौकशीला, पर्याय म्हणून ही पद्धत वापरता येत नाही; रिक्त पदे आणि औषधांचा तुटवडा यांवरही तिचा उपाय चालत नाही, आणि तसा तो चालवू पाहिला तर व्यवस्थेचा दोष कर्मचाऱ्याच्या माथी येतो.