हाँगकाँग सगळंच ९९ वर्षांच्या लीजवर होतं का?

"हाँगकाँग ब्रिटिशांकडे ९९ वर्षं भाड्याने होतं, १९९७ ला मुदत संपली, आता चीन तिथे काहीही करू शकतो" हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. पटण्यासारखा वाटतो, पण लीज फक्त न्यू टेरिटरीजची, म्हणजे उत्तरेकडच्या मोठ्या भागाची आणि आसपासच्या बेटांची होती, १८९८ ची. हाँगकाँग बेट १८४२ च्या तहात आणि बेटासमोरचं मुख्य भूमीचं टोक, काउलून, १८६० ला कायमचं घेतलेलं, बळजबरीने हे खरंच, पण भाड्याने नाही. काउलूनची जुनी हद्द म्हणजे बाउंड्री स्ट्रीट, आजही नकाशावर दिसते. बहुतेक जमीन लीजवाली, तिच्याशिवाय उरलेलं शहर चालणं अवघड, म्हणून सगळंच परत गेलं, तेही ब्रिटन आणि चीनच्या १९८४ च्या संयुक्त जाहीरनाम्याने. त्यात कायदे, कोर्टं, बोलण्याचं स्वातंत्र्य ५० वर्षं तसंच राहील असं चीननेच लिहून दिलंय, कलम ३ नेटवर वाचता येतं. चीनची पकड आवळली जाते तेव्हा मोडतो तो हा दिलेला शब्द, आणि त्याची मुदत २०४७ पर्यंत आहे.