वाचकपत्रे : हौशी विज्ञानकथा-पत्रिकेतील

हौशी विज्ञानकथा-पत्रिकेचा अंक वाचून वाचकाने संपादकाला लिहिलेले आणि बहुधा पुढच्या अंकात छापले जाणारे पत्र. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी पदरमोड करून काढलेल्या अशा पत्रिकेला इंग्रजी चाहते ‘फॅनझीन’ म्हणतात. तिला येणाऱ्या पत्राला ते ‘लेटर ऑफ कॉमेंट’ आणि घाईत नुसते ‘लॉक’ म्हणतात. मराठीत एकच शब्द रुळलेला नाही. वाचकांची पत्रे, पत्रव्यवहार, अभिप्राय, पोच असे सगळेच शब्द वापरात आहेत, पण त्यांच्या अर्थांत फरक आहे. ‘अंक मिळाला, आभारी आहे’ ही पोच झाली. ‘तिसऱ्या पानावर यान वेग कमी न करताच चंद्राभोवती फिरू लागते, ते पटले नाही’ हा अभिप्राय. ही नोंद मुख्यतः अभिप्रायाबद्दल आहे.

व्यावसायिक मासिकात वाचकांची पत्रे हे अनेक सदरांपैकी एक सदर. तिथे लेखकाला मानधन मिळते, वर्गणीदाराने पैसे भरलेले असतात आणि एकही पत्र आले नाही तरी अंक वेळेवर निघतो. हौशी पत्रिकेत मानधन नाही आणि जाहिरातही जवळजवळ नसते. तिथला हिशेब पत्रांनीच चुकता होतो. परदेशी फॅनझीनच्या पहिल्या पानावर अंकाच्या किमतीच्या जागी ‘द युज्वल’ एवढेच लिहिण्याची रीत आहे. त्याचा अर्थ असा : अंक हवा असेल तर पत्र लिहा, तुमची पत्रिका अदलाबदलीत पाठवा किंवा छापण्यासाठी मजकूर द्या. आपल्या लिखाणाची कुणी दखल घेतली की होणाऱ्या आनंदालाही तिथे ‘इगोबू’ असा खास शब्द आहे. रात्र रात्र जागून फुकट कथा लिहिणाऱ्याला मिळणारी कमाई तेवढीच, आणि ती थोडी नव्हे.

या प्रथेचा उगम पाहिला तर क्रम उलटा दिसतो. आधी पत्रे आली, पत्रिका नंतर. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले. त्यातल्या ‘डिस्कशन्स’ या सदरात वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यासह छापली जात. त्यामुळे दूर गावातल्या एकट्या वाचकाला आपल्यासारखा दुसरा कुठे राहतो ते कळू लागले आणि हे वाचक संपादकाला वगळून थेट एकमेकांना लिहू लागले. मे १९३० मध्ये निघालेली ‘द कॉमेट’ ही सर्वसाधारणपणे पहिली विज्ञानकथा-फॅनझीन मानली जाते. ती काढणाऱ्या मंडळाचे नाव होते ‘सायन्स करस्पॉन्डन्स क्लब’. पत्रव्यवहार नावातच होता. ‘फॅनझीन’ हा शब्द तर त्यानंतर दहा वर्षांनी, ऑक्टोबर १९४० मध्ये रस शॉव्हने यांनी घडवला. पत्रांचे सदर म्हणजे पत्रिकेच्या शेवटी जागा भरायला टाकलेला मजकूर असे कुणी समजत असेल, तर हा इतिहास त्याने जरूर पाहावा.

पुढे या पत्रलेखनाला साहित्यप्रकाराचीच योग्यता आली. मेरीलँडमधल्या हेगर्सटाउन गावचे पत्रकार हॅरी वॉर्नर हे गाव सोडून फारसे कुठे जात नसत, पण हाती पडेल त्या फॅनझीनला त्यांचे सविस्तर पत्र जाई आणि हे कित्येक दशके चालले. चाहत्यांमधल्या उत्कृष्ट लेखकाचा ह्यूगो हा विज्ञानकथेच्या क्षेत्रातला मानाचा पुरस्कार त्यांना १९६९ आणि १९७२ मध्ये मिळाला. फॅनझीनसाठीचा ह्यूगो पुरस्कार १९५५ पासून दिला जाऊ लागला होता. जागेअभावी ज्यांची पत्रे छापता आली नाहीत, त्यांची नावे सदराच्या शेवटी ‘यांचीही पत्रे आली’ अशा मथळ्याखाली देण्याची पद्धतही याच वर्तुळात पडली. टपालाचा खर्च करून लिहिणाऱ्याचे नाव निदान एका ओळीत यावे, ही साधी माणुसकी त्यामागे आहे. मराठी संपादकांनी ती जरूर उचलावी.

मराठीत या प्रथेला आधीपासून जमीन होती. शाळा-कॉलेजांतली हस्तलिखिते, मंडळांचे सायक्लोस्टाइल (मेणकागदाच्या स्टेन्सिलवरून छापलेले) अंक, पहिल्या पानावर छापलेले ‘फक्त खासगी वितरणासाठी’ हे सगळे त्याच घराण्यातले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतल्या लघुअनियतकालिकांनी कविता आणि समीक्षा याच मार्गाने वाचकांपर्यंत नेली. विज्ञानकथेला १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचा आणि तिच्या कथास्पर्धांचा आधार मिळाला. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये या स्पर्धेला कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. परीक्षकांनी शास्त्रज्ञाचे नाव पाहू नये, कथा पाहावी हा हेतू होता. कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाला निखळ अभिप्राय किती हवासा असतो, याचे याहून बोलके उदाहरण मराठीत सापडणे कठीण.

हेच नारळीकर ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते संमेलन डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरले होते. प्रकृतीमुळे ते स्वतः येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणारा माणूस संमेलनाचा अध्यक्ष आहे ही गोष्ट आमच्या नाशिकच्या वाचकाला उभारी देणारी होती.

नाशिकचा वाचक या विषयात वेगळा का ठरतो, याचे कारण शहराच्या घडणीत आहे. इथले सार्वजनिक वाचनालय १८४० चे, म्हणजे वाचनाची सवय जुनी. त्याच्या जोडीला ओझरचा विमान कारखाना, देवळालीतले तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आणि नाशिक रोडचे सिक्युरिटी प्रेस आहे. आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळलेला माणूस विज्ञानकथा वाचतो तेव्हा कल्पनेला तो मोकळे सोडतो, पण आकडा चुकला की थांबतो. टपाल तिकिटे छापणारे हे सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून याच शहरात आहे. त्यामुळे नाशिकहून गेलेल्या पत्रावरचे तिकीट पुष्कळदा फिरून आपल्या गावीच आलेले असते.

अशा पत्राचा एक नमुना माझ्या हाताखालून गेला आहे. आमच्या छोट्या गटाच्या हौशी पत्रिकेच्या अंकात एक कथा होती. २०२७ च्या सिंहस्थानंतरचा पंचविसावा सिंहस्थ बरोबर ३०० वर्षांनी, २३२७ मध्ये, नाशिकला भरतो आणि मंगळावर जन्मलेली एक मुलगी आजीच्या अस्थी घेऊन रामकुंडावर येते. कथा सगळ्यांना आवडली. फोन आले, शाबासकी मिळाली. मग ओझरहून एक पोस्टकार्ड आले. निळ्या शाईतले बारीक, उभे अक्षर आणि पत्त्याशेजारची अर्धी बाजूही भरलेली. लिहिणारे गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कार्डावर गणित मांडले होते. गुरू सिंह राशीत आला की नाशिकचा सिंहस्थ. गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी १२ नव्हे, ११.८६ वर्षांची. अशा पंचवीस फेऱ्या २९६.५ वर्षांतच पुऱ्या होतात. मग २३२७ मध्ये गुरू सिंहेत कसा असेल? तो साडेतीन राशी पुढे, वृश्चिकेच्या आसपास गेलेला असेल. पुरावा म्हणून त्यांनी हरिद्वारचा दाखला दिला होता : तिथला २०१० नंतरचा कुंभ २०२१ मध्ये, अकराव्याच वर्षी भरला. शेवटी एक ओळ होती, मुलगी रामकुंडाच्या पायऱ्या उतरते तो परिच्छेद आपण दोनदा वाचला म्हणून.

ते कार्ड आम्ही जसेच्या तसे छापले आणि त्याखाली चौकटी कंसात संपादकाची कबुली दिली. लेखिकेने साल बदलले नाही. तिने कथाच बदलली. नव्या रूपात मुलगी पृथ्वीवर उतरते तेव्हा पर्वणी तीन वर्षांपूर्वीच होऊन गेलेली असते, मंगळावरच्या लोकांनी बाराबारा वर्षे मोजत ठेवलेले पंचांग चुकलेले असते आणि रिकाम्या घाटावर ती एकटीच उभी राहते. मला ही कथा पहिलीपेक्षा कितीतरी सरस वाटते. चूक दाखवणाऱ्या पत्राला संपादकाने कधी बिचकू नये, असे मी म्हणतो ते या अनुभवावरून.

पत्रे छापण्याच्या पद्धतीविषयी थोडे. सायक्लोस्टाइलच्या काळात पत्र थेट स्टेन्सिलवर टाइप होई आणि जागा मोजकी असल्याने काटछाट अटळ होती. काटछाट करताना पत्राचा सूर बदलू नये, हा अलिखित नियम आहे. संपादकाचे उत्तर पत्राच्या पोटात, पण वेगळ्या कंसात येते, म्हणजे कोण बोलते आहे याचा घोळ होत नाही. ‘छापू नये’ असे लिहिलेला भाग छापत नाहीत. पूर्ण पत्ता देण्याची जुनी रीत आता योग्य नाही. नाव आणि गाव पुरते. लेखकावर वैयक्तिक शेरा असेल तर तो आधी लेखकाला दाखवावा आणि त्याचे उत्तर त्याच अंकात घ्यावे. उत्तर पुढच्या अंकावर ढकलले की सहा महिने जातात आणि तोवर मने दुखावलेली राहतात.

आज बहुतेक अभिप्राय व्हॉट्सॲपवर येतात. ‘मस्त’, ‘छान जमलीय’, अंगठा. त्यांतही माया असते, पण कथा लिहिणाऱ्याला त्यातून धरायला काही मिळत नाही. यावर आमच्याकडे एक उपाय लागू पडला. अंकाच्या शेवटच्या पानावर वाचकाला ‘अंक कसा वाटला?’ असे न विचारता नेमका प्रश्न विचारायचा : कोणत्या वाक्याशी तुम्ही थांबलात? उत्तरे लांब येऊ लागली. एका शाळकरी मुलाने चिठ्ठीत लिहिले की यानात पाणी तरंगते, तर मग आजी भाकरीचे पीठ कशी मळते? पुढच्या अंकातली एक अख्खी कथा त्या पिठावर उभी राहिली.

जतनाच्या बाबतीत पत्रांचे नशीब अंकांपेक्षा वाईट आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठ आणि रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी फॅनझीनचे मोठे संग्रह सांभाळले आहेत. आपल्याकडे अंक कुणाच्या तरी कपाटात राहतात आणि मूळ पत्रे दिवाळीच्या साफसफाईत पहिली जातात. शाईचे कार्ड एका पावसाळ्याच्या ओलीनेही पसरते. म्हणून पत्र आले की मागे पेन्सिलीने तारीख टाकावी, त्याची झेरॉक्स अंकाच्या फाइलला लावावी आणि मूळ पत्र वेगळ्या पाकिटात कोरडे ठेवावे. ओझरच्या त्या कार्डावरचा टपालाचा शिक्का अजून वाचता येतो.