गाडी तीच, पाटी वेगळी

स्वारगेटच्या एसटी स्टँडवर मागे माझी चांगलीच फजिती झाली. साताऱ्याहून आलो, उतरलो, चहा सांगितला आणि आठवलं की पिशवी सीटवरच राहिली. धावत त्याच गाडीत चढलो. नंबर तोच, काचेवरचा गणपतीचा स्टिकर तोच. पिशवी सापडेपर्यंत गाडी हलली. कंडक्टर म्हणाला, "काका, पाटी बघायची ना! गाडी भोरला चाललीय."

पेशीतही पाटीवरच सगळं चालतं. पेशीत बराचसा माल पटलाच्या, म्हणजे पातळ पापुद्र्याच्या, इवल्या पिशव्यांतून, म्हणजे पुटिकांतून फिरतो. आंतर्द्रव्यजालिकेतून (जिथं बरीच प्रथिनं तयार होतात) गॉल्गी संकुलाकडे (जिथं मालाची बांधणी होते), तिथून पेशीच्या कडेला. बाहेरून गिळलेलं लयकारिकेकडे, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीकडे. दिसायला या पिशव्या सारख्याच. कोणती कुठं जोडायची हे बऱ्याच अंशी ठरतं ते वर चिकटलेल्या रॅब प्रथिनांवरून. माणसात यांचे 60 हून अधिक प्रकार आहेत, प्रत्येक जेमतेम 200 अमिनो आम्लांचं. पहिल्या टप्प्यावर रॅब1, गिळलेल्या मालाच्या पहिल्या थांब्यावर रॅब5, पुढच्या थांब्यावर रॅब7.

ही पाटी लागते आणि निघते ती एका फॉस्फेटच्या फरकानं. रॅबच्या खोबणीत जीटीपी (तीन फॉस्फेटचा एक छोटा रेणू) बसला की त्याचा आकार बदलतो, ते चालू होतं आणि पुटिकेला धरून ओढणाऱ्या, जोडणाऱ्या प्रथिनांना बोलावतं. जीटीपीचा एक फॉस्फेट तुटला की उरतो जीडीपी (वर्तमानपत्रातला नव्हे) आणि रॅब बंद. रॅबला दोन तेलकट शेपट्या असतात, त्या पटलात रुतून बसतात. बंद झालेल्या रॅबला दुसरं एक प्रथिन पटलातून उपटतं, शेपट्या झाकतं आणि पुढच्या खेपेसाठी सांभाळतं. जीटीपी बसवणारे मदतनीस वेगळे, तोडायला लावणारे वेगळे. रॅबला एकट्यानं फॉस्फेट तोडायला फार वेळ लागतो.

मला यातलं बंद होणं जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रयोगात रॅब5 मध्ये एकच अमिनो आम्ल असं बदलतात की ते जीटीपी तोडूच शकत नाही. मग पहिल्या थांब्यावरच्या पिशव्या एकमेकींत मिसळत राहतात आणि फुगून एवढ्या होतात की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसाव्यात.

हे सगळं कळायला सुरुवात झाली यीस्टपासून. 1980 मध्ये अमेरिकेत रँडी शेकमन, पीटर नोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टची अशी वाणं गोळा केली, ज्यांना जरा गरम केलं की माल बाहेर जाईना, आतच तुंबे. त्यामागे 23 जनुकं निघाली. त्यातलं एक, सेक4 (हेही एक रॅबच), 1987 मध्ये उलगडलं तेव्हा ते कर्करोगामुळे गाजलेल्या रास प्रथिनाचं भावंड निघालं. पुटिकांच्या वाहतुकीवरच्या कामासाठी शेकमन यांना 2013 चं नोबेल मिळालं, जेम्स रॉथमन आणि थॉमस स्यूडहॉफ यांच्यासोबत.

पुण्यात गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. देशभरातल्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या पेशींचं भांडार तिथं जपलेलं आहे. त्या बाजूनं जाताना मला नेहमी वाटतं, आत बाटल्यांत वाढणाऱ्या त्या पेशींत किती पाट्या बदलत असतील!

बदलतात म्हणजे शब्दशः. पेशीनं काही गिळलं की पिशवीवर रॅब5 येतं. पिशवी आत सरकते तसं हेच रॅब5 रॅब7 चालू करणाऱ्या मदतनिसाला बोलावून घेतं. रॅब7 भरत जातं, रॅब5 निघून जातं. काही मिनिटांत पिशवी तीच, पण गाडी लयकारिकेची झालेली असते.

रॅब27ए बिघडलं तर ग्रिसेली सिंड्रोम या दुर्मिळ आनुवंशिक आजाराचा एक प्रकार होतो: रंगद्रव्याच्या पिशव्या पेशीच्या टोकापर्यंत पोचत नाहीत, मुलाचे केस चंदेरी दिसतात, आणि प्रतिकारक्षमतेचीही दैना होते.

क्षयाचा जंतू मात्र पाटीशीच खेळतो. भक्षक पेशी त्याला गिळते, पिशवीवर रॅब5 येतं, इथपर्यंत सारं रीतसर. पण पुढं रॅब7 ची पाटी नीट लागूच देत नाही तो. पिशवी लयकारिकेशी जुळत नाही, आतलं वातावरण पुरेसं आम्ल होत नाही, आणि ज्या पेशीनं त्याला पचवायचं तिच्याच पोटात तो वाढत राहतो.