नवी सदनिका (ठरीव नमुन्याची)

खोल्यांची मांडणी, फरशी, नळजोड आणि वीजजोडणी आधीच ठरवून, एकच नकाशा मजल्यामागून मजला वापरून विकासकाने बांधलेले आणि पूर्वी कोणी न वापरलेले घर. महाराष्ट्राच्या शहरांत ते बहुधा वन किंवा टू बीएचके असते. रीसेलच्या घरापेक्षा अशा सदनिकेचे लाभ मुख्यतः कायद्यातून आणि कागदपत्रांतून येतात. रंगरंगोटी, लिफ्ट, नवे पाइप यांचा लाभ खरा असला तरी तो थोड्या वर्षांचा.

या प्रकारच्या घराचा उगम नेमका कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये मुंबईत गावदेवी येथे स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही आद्य मानण्याचा प्रघात आहे. काही अभ्यासक त्याआधीची, १९०९ च्या सुमाराची बंगलोरमधील संस्था पुढे करतात. तथापि गावदेवीची इमारत संस्थेच्या मालकीची होती व सभासद तिचे भाडेकरू होते. म्हणून वैयक्तिक मालकीच्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या सदनिकेचा आरंभ १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानंतरच्या काळात शोधणे अधिक सयुक्तिक दिसते. भाडी गोठल्यामुळे भाड्याने देण्यासाठी चाळी बांधण्यात फायदा उरला नाही. एकीकडे पागडी (भाड्याचे घर मिळवण्यासाठी द्यायची एकरकमी रक्कम) फोफावली, दुसरीकडे ‘ओनरशिप’ची घरे आली. त्यांतील गैरप्रकारांबाबत १९६० मध्ये राज्य शासनाने समिती नेमली आणि १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम (‘मोफा’) झाला. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानुसार (‘रेरा’) राज्यात महारेरा हे प्राधिकरण २०१७ पासून काम पाहते.

सर्वांत घोळाची बाब चटईक्षेत्राची (कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरण्याजोगी जागा). भारतीय मानक आयएस ३८६१ मधील मोजणीत स्वच्छतागृहाचे क्षेत्र सामान्यतः वगळले जाते. घर विकत घेणाऱ्याला ही मोजणी निरुपयोगीच म्हटली पाहिजे. मोफातील स्पष्टीकरणाप्रमाणे गॅलरी चटईक्षेत्रात मोडे. रेराने बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, स्वतंत्र गॅलरी व उघडी गच्ची वगळली, पण आतल्या विभाजक भिंतींखालची जागा धरली. त्यामुळे ५० चौरस फुटांची गॅलरी असलेले घर जुन्या हिशेबाने ६५० चौरस फूट असेल, तर नव्या हिशेबाने ६०० च्या आसपास भरते. उलट १०० मिलिमीटर जाडीच्या १० मीटर विभाजक भिंती १ चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेअकरा चौरस फूट जागा खातात. त्या जागेत कपाट ठेवता येत नाही, पण दर तिचाही पडतो. ताबा घेताना टेप लावणाऱ्याला आकडा कमी दिसतो तो अनेकदा यामुळे. गिलाव्याची जाडी वेगळीच. तरीही करारनाम्यातले क्षेत्र एका वैधानिक व्याख्येशी बांधलेले असणे हा नव्या घराचा मोठा लाभ आहे. जुन्या व्यवहारांतील ‘सुपर बिल्ट-अप’ला (भिंती आणि जिना, लिफ्ट अशा सामाईक जागांचा वाटा धरून सांगितलेल्या क्षेत्राला) असा आधार नव्हता. मुंबईत २०१२ पासून गॅलरी व फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरची कुंड्यांची जागा) चटई निर्देशांकात (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येते त्या मर्यादेत) धरले जाऊ लागले आणि अधिमूल्य (प्रीमियम) भरून ३५ टक्के ‘फंजिबल’, म्हणजे हवे तसे वापरता येणारे जादा क्षेत्र मिळू लागले. त्यानंतरच्या अनेक इमारतींतून गॅलरी नाहीशी होण्यामागे हेच कारण असावे.

ताब्यापासून ५ वर्षांत आढळलेला बांधकामाचा दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. मोफात ही मुदत ३ वर्षांची होती. रीसेलमध्ये गळती निघाली तर खरेदीदार आणि सोसायटी यांच्यातच वाद राहतो. नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि खरेदीदारांच्या पैशातील ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. बांधकाम चालू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के (परवडणाऱ्या घरांवर १ टक्का) वस्तू व सेवा कर आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर झालेल्या विक्रीवर तो नाही. म्हणूनच भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहण्यास वापरण्याची परवानगी) हाती असलेली, पण अजून न विकलेली सदनिका सर्वांत सुरक्षित समजतात. भूकंपरोधक संकल्पनाची सुधारित मानके (आयएस १८९३) नव्या इमारतींना लागू होतात, हाही लाभच, मात्र तो डोळ्यांना दिसत नाही.

ठरीव नमुन्याची दुसरी बाजू ‘मायवान’ पद्धतीत दिसते. ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीटची भिंत व स्लॅब एकत्र ओततात. मजले झपाट्याने चढतात आणि वीट व काँक्रीट यांच्या सांध्यावरच्या भेगा टळतात. परंतु खिळ्यासाठीही हॅमर ड्रिल लागते आणि स्वयंपाकघर व हॉल यांमधली भिंत पाडण्याचा विचार सोडून द्यावा लागतो.

जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी हक्काची नोंद) सोसायटीच्या नावे होईपर्यंत खरेदीदाराची मालकी घरापुरतीच राहते. विकासकाने टाळाटाळ केल्यास मोफातील २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे विकासकाच्या सहीविना होणारे हस्तांतरण) सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.