किनारी रस्ता-राखीव पट्टा, ऑंटॅरिओ

कॅनडाच्या ऑंटॅरिओ प्रांतात मूळ सरकारी मोजणीच्या वेळी सरोवरांच्या व नौकानयनयोग्य नद्यांच्या काठाने रस्त्यासाठी राखून ठेवलेली जमीन. स्थानिक नाव ‘शोअर रोड अलाउन्स’. रुंदी ६६ फूट, म्हणजे सु. २०.१२ मी. मस्कोका, हॅलिबर्टन, कवार्था इ. सरोवरबहुल भागांत असे पट्टे विशेष आढळतात. बहुतेक ठिकाणी त्यांवर रस्ता कधी झालाच नाही. मागील भूखंडांवर उन्हाळी घरे उभी राहिली. त्यांचे धक्के, बोटघरे, कधी खुद्द ओसरीचे खांबही पट्ट्यात आले. त्यातून घरमालक व नगरपालिका यांच्यात मालकीचे वाद उद्‍भवतात.

६६ फूट ही एडमंड गंटरने सतराव्या शतकात रूढ केलेल्या मोजणीच्या साखळीची लांबी. मुंबई इलाख्याच्या मोजणीत वापरलेली १६ आण्यांची (सोळा भागांची) साखळी तिच्या निम्मी, ३३ फुटांची होती, आणि त्या साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा.

किनाऱ्याने पट्टा सोडण्याची प्रथा नेमकी केव्हापासून पडली, याविषयी सावधपणेच बोलावे लागते. अप्पर कॅनडात (ऑंटॅरिओच्या पूर्वीच्या वसाहतीत) अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मोजणीत रस्त्यांसाठी जागा सोडली जाई. काठचा पट्टा मात्र काही टाउनशिपांत (मोजणीसाठी पाडलेल्या विभागांत) आहे, काहींत नाही. मस्कोका भागातील मोजणी मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून १८६८ च्या मोफत जमीनवाटप कायद्यानंतर तेथे वसाहतीला वेग आला. पट्ट्याच्या हेतूविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार ओंडके वाहून नेणाऱ्यांना व नावाड्यांना काठाने वावरता यावे म्हणून तो ठेवला. दुसऱ्यानुसार पाण्यापर्यंतची वाट खाजगी हाती जाऊ नये, हा उद्देश होता. ज्या सरोवरांवर लाकूडव्यापार फारसा नव्हता तेथेही पट्टे आढळतात, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

मालकीचा प्रश्न कायद्याने बराचसा निकालात काढला आहे. २००१ च्या नगरपालिका अधिनियमानुसार सरकारी मोजणीदारांनी नगरपालिका हद्दीत राखलेले रस्ते, प्रत्यक्षात बांधलेले नसले तरी, सार्वजनिक मार्ग ठरतात आणि ते संबंधित नगरपालिकेच्या मालकीचे असतात. घरमालकांचा मुख्य युक्तिवाद दीर्घ वहिवाटीचा असतो : आजोबांनी धक्का बांधला, तीन पिढ्या गवत कापले, कोणी हरकत घेतली नाही. प्रांताच्या स्थावर मिळकत मुदत कायद्यात खाजगी जमीन परत मिळवण्याच्या दाव्याला १० वर्षांची मुदत आहे. पण रस्ता-राखीव जमीन कलम १६ ने या तरतुदीतून वगळली आहे. त्यामुळे वहिवाट कितीही जुनी असली तरी तिच्या जोरावर पट्टा मिळत नाही. कुटुंबांच्या दृष्टीने हे कठोर वाटले, तरी किनारा सर्वांचा राहण्यास याच तरतुदीचा आधार आहे.

खरी गुंतागुंत पट्टा नेमका कोठे आहे, यात आहे. रुंदी काठाशी काटकोनात मोजायची असल्याने पट्ट्याची मागील रेषा मूळ काठाप्रमाणे वळत जाते. ही आतील सीमा सामान्यतः स्थिर धरतात. पाण्याकडील सीमा मात्र गाळ साचून किंवा झीज होऊन हळूहळू सरकली, तर तिच्याबरोबर सरकते. धरणामुळे पाणी चढल्यास हा न्याय लागू होत नाही. ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गाच्या बंधाऱ्यांनी कवार्था भागातील अनेक सरोवरांची पातळी वाढवली. तेथे पट्ट्याचा काही भाग, क्वचित सगळाच, पाण्याखाली आहे. तो मागच्या भूखंडावर सरकत नाही. बुडालेल्या स्थितीतही तो मूळ जागीच राहतो. म्हणूनच आजच्या काठापासून फीत धरून ६६ फूट मोजणे दिशाभूल करणारे ठरते. मोजणीदाराला जुनी क्षेत्रनोंदवही व नकाशा यांवरून मूळ जलरेषा पुन्हा आखावी लागते.

वाद मिटवण्याचा रूढ मार्ग खरेदीचा. नगरपालिका जाहीर सूचना देऊन उपविधीने पट्टा रस्ता म्हणून बंद करते व लगतच्या मालकाला विकते. उपविधीची प्रमाणित प्रत भूमी नोंदणी कार्यालयात नोंदवल्याशिवाय तो अंमलात येत नाही. वळणदार उपसागरात शेजाऱ्यांमधील वाटणी हा वेगळाच कळीचा मुद्दा. बाजूच्या हद्दी सरळ पाण्यापर्यंत वाढवल्यास त्या एकमेकींना छेदू शकतात. काठाशी काटकोनात वळवल्यास एखाद्याचा जुना धक्का शेजाऱ्याकडे जातो. माशांच्या अंडी घालण्याच्या जागा व बोटी पाण्यात सोडण्याचे सार्वजनिक उतार यांलगतचे पट्टे विकण्यास नगरपालिका सहसा राजी नसतात. नगरपालिका नसलेल्या भागांत हा व्यवहार प्रांतिक शासनाशी करावा लागतो.

यांपैकी बराच प्रदेश अनिशिनाबे या मूळ रहिवाशांचा. त्यातील मोठ्या भागासंबंधी शासनाशी त्यांचे विल्यम्स करार १९२३ मध्ये, म्हणजे मोजणी व जमीनवाटप होऊन गेल्यावर, झाले; त्यांविषयीच्या दाव्यात तडजोड होण्यास २०१८ साल उजाडले.